कस्टमरला समजावले

लॅपटॉप दुरुस्तीची पावती अजून टेबलावर पडली आहे. निळ्या बॉलपेननं, घाईघाईत लिहिलेली: "डीव्हीडी प्रॉब्लेम. चेक केला. मशीन ओके. कस्टमरला समजावले." खाली चेकिंग चार्ज, रुपये दोनशे फक्त. दोनशे रुपयांचं दुःख नाही. म्हणजे आहे, पण ते दुसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबरावर ते शेवटचं वाक्य आहे. मशीन ठणठणीत होतं, बिघाड कस्टमरमध्ये होता आणि तो त्यांनी दोनशे रुपयांत काढून दिला, असा त्याचा सरळ अर्थ. बायकोनं ती पावती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्यानं.

लॅपटॉप सेकंडहँड. कंपन्यांनी काढून टाकलेली मशीनं घाऊक उचलून, पुसूनपासून विकणारे असतात, त्यांच्याकडून घेतलेला. बायकोच्या शिवणक्लासच्या फिया आणि हिशेब लिहिण्यापुरता. झाकणावर जुन्या ऑफिसचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं, 'ए'चं बटण पुसून गुळगुळीत झालेलं. आत विंडोज सेव्हन, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला, ऐन भोगीच्या दिवशी, बंद केला. वर ही प्रत अस्सल नाही म्हणून काळा पडदा. म्हटलं, हे काढून त्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू. फुकट आहे, जुन्या मशीनवर बरं चालतं.

"मग पेनड्राइव्हनं टाक ना," असं आता तुम्ही म्हणणार. सगळेच म्हणतात. भाजीवालीनं तेवढं म्हणायचं राहिलंय. पण या लॅपटॉपच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमला, पासवर्ड आहे. जुन्या ऑफिसातल्या कुणा दक्ष सिस्टीम ॲडमिननं, नोकरांनी चोरून काही घालू नये म्हणून, यूएसबीवरून बूट करणं, म्हणजे मशीन सुरू करणं, बंद करून वर कुलूप लावलं. फक्त डिस्क ड्राइव्हला मुभा ठेवली. विकणाऱ्याला पासवर्ड विचारला तर म्हणाला, "ती कंपनीच बंद झाली हो." म्हणजे आठ-दहा अक्षरांचा एक शब्द कुणाच्या तरी डोक्यात आहे, आणि ते डोकं हिंजवडीत आहे की ह्यूस्टनला, कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा डिस्कच. कोरी डीव्हीडी मिळवणं हा एक वेगळा लेख होईल. खालच्या मजल्यावरच्या मुलानं पहिली डिस्क जाळून दिली. तो कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, पेढे आम्हीही खाल्ले होते. त्यानं इमेज बर्न करण्याऐवजी ती आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकगठ्ठा नक्कल) जशीच्या तशी डिस्कवर कॉपी केली होती. तशी डिस्क जन्मात बूट होत नाही. दुसरी नीट केली, सर्वांत कमी स्पीडला, दुसऱ्या मशीनवर चालवूनही बघितली. आमच्या लॅपटॉपमध्ये घातली की ड्राइव्ह घुर्र करतो, टक करतो, पुन्हा टक करतो, गप्प होतो, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं तोच काळा विंडोज समोर.

सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करण्याचं जे मानक आहे, त्याचं नाव 'एल टोरिटो'. १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी मिळून केलं. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला त्या नावाचं मेक्सिकन हॉटेल होतं, तिथे जेवता जेवता दोघा इंजिनिअरांना ते सुचलं, असं सांगतात. आपल्याकडे सुचलं असतं तर आज जगभर मशीनं 'मिसळ' मानकानं सुरू झाली असती. असो. मुद्दा असा की भरल्या पोटी ठरवलेल्या गोष्टी रात्री दोन वाजता उपाशीपोटी निस्तराव्या लागतात.

शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, आसपासचं एक दुकान गाठलं. मालक फोनवर. आतल्या स्टुलावर एक पोरगा खाली मान घालून सोल्डरिंग करतोय. आणि बाकावर माझ्याआधीपासून एक काका. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक टेस्टर, मांडीवर साडीच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी.

"काय होतंय?" काकांनी विचारलं. हा प्रश्न फक्त डॉक्टर विचारतात त्या सुरात.

"डिस्कवरून बूट होत नाहीये."

"कॉन्टॅक्ट."

"काय?"

"कॉन्टॅक्ट! जगात दोनच फॉल्ट असतात. एक तर कॉन्टॅक्ट लागत नाही, नाहीतर लागलेला सुटत नाही. बाकी सगळं बिल वाढवायला. टेलिफोन खात्यात उभा जन्म गेला माझा. स्ट्राउजर एक्स्चेंज ऐकलंय?"

"नाही ऐकलं."

"न ऐकून कसं चालेल? रस्त्यावर ऐकू यायचं!" आणि काकांनी दोन्ही हातांची बोटं वर चढवत, गोल फिरवत, तोंडानं खडखडखड-खट्, खडखड-खट् असं अख्खं एक्स्चेंज चालू केलं. तुम्ही घरी पाच फिरवलात की तिकडे सिलेक्टर पाच पायऱ्या वर, मग पुढच्या आकड्याला पुढचा सिलेक्टर. ट्रंक कॉल लागेपर्यंत दुकानातले सगळे थांबले. मालकानं फोन ठेवला. मी तासभर समोर उभा होतो तेव्हा त्याला फोन ठेवावासा वाटला नव्हता.

"उघडा मशीन," काका म्हणाले. आणि मालकानं, मला साधं "बसा" न म्हटलेल्या मालकानं, मुकाट स्क्रू काढले.

रॅम निघाली. काकांनी खिशातनं खोडरबर काढलं (खोडरबर बाळगणारा हा शेवटचा सज्ञान पुरुष असावा) आणि रॅमच्या सोनेरी दातांवरून फिरवलं. हा उपाय खोटा नाही, पुण्यातली निम्मी मशीनं त्यावर जगतात. पण माझं मशीन सुरू होत होतं. रॅमची तक्रारच नव्हती. दात दुखतोय म्हणून सांगावं आणि चष्म्याचा नंबर काढून मिळावा, तसं झालं. मी तसं सुचवलं, तर काका म्हणाले, "साहेब, तुमचं काम सांगायचं. बघायचं आमचं."

मग बोर्डावरचा, तारीख-वेळ जपणारा सेल. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा. काही लॅपटॉपमध्ये तो वायरीत गुंडाळलेला असतो, आमच्यात उघडाच होता. काकांनी तो काढला, जिभेच्या टोकाला लावला, डोळे मिटले.

"मेलाय."

कुणाचाच आक्षेप नव्हता. "हा काढला की पासवर्ड गेलाच म्हणून समजा," काका म्हणाले. घरच्या डेस्कटॉपमध्ये जातोही. पण ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये लिहिलेला असतो, तिला सेल असला काय आणि नसला काय. मशीन चालू केलं. पासवर्ड जागच्या जागी. यूएसबीवरची बंदी जागच्या जागी. तारीख मात्र १ जानेवारी २००८.

"बघा!" काका विजयी स्वरात म्हणाले. "रिॲक्शन आली!"

आता ड्राइव्ह. "ड्राइव्ह चालतो की नाही ते आधी सिद्ध करा," म्हणून काकांनी पिशवीत हात घातला आणि मुलाच्या लग्नाची व्हीसीडी काढली. भाग दुसरा. ते त्यासाठीच आले होते, पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला. तीन दुकानांनी "आता ड्राइव्हच नाहीत" म्हणून परत पाठवलं होतं. डिस्क आत गेली, घुर्र झालं, आणि माझ्या लॅपटॉपवर सनई सुरू झाली.

पुढचा अर्धा तास दुकानानं लग्न पाहिलं. नवरा-नवरी गिरकी घेत कमळातून उमलली. नवरीचा चेहरा बदामात आला, बदामाचे चार बदाम झाले, ते चारी कोपऱ्यांत जाऊन फुटले. रुखवतावरून कॅमेरा इतक्या सावकाश फिरला की चकलीची वेढी मोजता आली असती. "तो सफारीतला मी," काका म्हणाले. "केस बघा." बाजूच्या दुकानातले दोघं येऊन उभे राहिले. अंतरपाटाशी डिस्कवर ओरखडा होता, तिथे भटजी "साव-साव-साव-" करत अडकले, आणि काकांनी लॅपटॉपच्या बगलेत बोटानं टिचकी मारताच "-धान!" म्हणून सुटले. अक्षता पडल्या. कुरियरवाला सही घ्यायला आला होता. तो म्हणाला, "जेवायला काय होतं?"

"मठ्ठा आणि जिलबी," काका म्हणाले. "केटरर भांडला होता."

मुलगा आता कॅनडात असतो, हे त्यांनी मध्येच, पडद्यावरची नजर न काढता सांगितलं. मग पुन्हा केस दाखवले.

लग्न लागल्यावर मालक माझ्याकडे वळला. "ड्राइव्ह ओके आहे सर. तुमची डिस्क खराब."

"दुसऱ्या मशीनवर चालते ती."

"मग ओकेच आहे ना सर."

यावर काय बोलायचं? आणि तेव्हा स्टुलावरच्या पोरानं, मान वर न करता, सगळ्या सकाळीतलं एकमेव शहाणं वाक्य उच्चारलं. "सीडीचा लेसर वेगळा असतो, डीव्हीडीचा वेगळा. एक जातो, दुसरा राहतो. व्हीसीडी म्हणजे सीडीच ना." बरोबर होतं. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल. माझ्या ड्राइव्हचा लाल विझला होता. पोरगा पुढे म्हणाला, "हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू, तिथे लिनक्स टाकू, परत बसवू. चार स्क्रूचं काम आहे."

"तू चहा सांग," मालक म्हणाला.

पोरगा चहा सांगायला गेला आणि मालकानं पावती फाडली.

यात कुणावर चिडावं तेच कळत नाही, हा खरा त्रास आहे. कंपनीनं लॅपटॉप विकताना पासवर्ड काढायला दोन मिनिटं लागली असती. तिनं चालू मशीन भंगारात घातलं आणि कुलूप तेवढं लावून दिलं. विकणाऱ्यानं पासवर्ड काढून घेतला नाही, कारण झाकण पुसलं की मशीन विकलं जातं. नवीन ड्राइव्ह घ्यावा तर लॅपटॉपचे ड्राइव्ह १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीचे. मला पातळ हवा, दुकानात जाड. "थोडा बाहेर राहील, पण चालेल," असं मालक गंभीरपणे म्हणाला. ई-कचऱ्याचे नियम आले, जुनं वापरा म्हणून सगळे सांगतात. जुनं वापरायला बसलं की मात्र डिस्क मिळत नाही, ड्राइव्ह मिळत नाही, आणि ज्याला कळतं तो माणूस चहा सांगायला गेलेला असतो. तो चहा आला, तर मला त्यातला कटिंग मिळाला. काकांना फुल.

घरी येऊन ड्रॉवर उपसला. फार वर्षांपूर्वी कॅनॉनिकल कंपनी उबुंटू या आपल्या लिनक्सच्या छापील सीड्या जगभर पोस्टानं फुकट पाठवायची, टपालखर्चही तिचाच. २०११ मध्ये ते बंद झालं. त्यातली एक, ८.०४ आवृत्तीची, एप्रिल २००८ ची, विजेच्या बिलांखाली सापडली. सीडीच ती, सातशे एमबीच्या आतली. घातली, आणि बूट झाली! तपकिरी पडदा, ढोलाचा तो आवाज, सगळं. इतका आनंद झाला की बायकोला हाक मारली. मग फायरफॉक्स उघडला. त्याच्या जन्मानंतर जगानं सुरक्षेची सगळी कुलपं बदललेली, त्यामुळे धड एक साइट उघडेना. आजचं नेहमीचं लिनक्स त्या सीडीच्या कितीतरी पट मोठं, ते सीडीवर मावत नाही. लॅपटॉपला पोहोचता येत होतं ते २००८ पर्यंतच. सेल काढल्यावर त्यानं तारीखही तीच सांगितली होती, म्हणजे त्याचं त्याला माहीत होतं.

सोमवारी मालक दुकानात नसतो, अशी माहिती काढली आणि सोमवारी गेलो. पोरानं हार्डडिस्क काढली, दुसऱ्या लॅपटॉपला लावली, लिनक्स टाकलं, परत बसवली. पैसे विचारले तर म्हणाला, "द्या काय ते." दिले, आणि पावती मागितली नाही.

आता लॅपटॉप झकास चालतो. फक्त प्लग काढला की तारीख पुन्हा २००८ ला जाते, वेबसाइटी कुरकुरतात, आणि बायकोच्या क्लासच्या फिया अठरा वर्षांपूर्वी भरल्याची नोंद होते. कारण सेलची जागा रिकामी. दुकानात विचारलं, पोरानं काउंटरखाली टॉर्च मारून पाहिलं, नाही सापडला.

काल काकांचा फोन आला. नंबर त्यांनी लग्न चालू असतानाच घेतला होता. अख्ख्या पेठेत व्हीसीडी वाजवणारं मशीन फक्त तुमच्याकडे आहे, रविवारी भाग एक आणि तीन घेऊन येतो, मुंजीचीही आहे, म्हणाले. या म्हटलं. मग धीर करून सेलचं विचारलं.

"तो होय? खिशात राहिला माझ्या," काका म्हणाले. "वजनकाट्यात घातला. फर्स्टक्लास चालतोय."