मिनी पोकलेन येऊ द्या, पण ड्रायव्हरसकट

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या एक वाद रंगलाय. शेतकऱ्यांच्या गटाने दीड टनाचा मिनी पोकलेन घ्यायचा, हे जवळपास ठरलंय. भांडण पुढचं आहे. तरुण मंडळींचं म्हणणं, यंत्र ड्रायव्हरशिवाय भाड्याने द्या, ज्याचं वावर त्यानेच खोदावं. परदेशात लोक शनिवारी यंत्र घरी आणतात आणि स्वतः बसून अंगण खोदतात, याचे व्हिडिओ सगळ्यांनी फोनवर पाहिलेत. जुनी मंडळी मजुरांच्या पोटाचं कारण काढून विरोध करतात. आणि दोन्ही बाजू मला साक्षीला ओढतात, कारण मी इंग्लंडात डर्बीला राहतो आणि घरामागे पावसाच्या पाण्याचा शोषखड्डा काढायला असं यंत्र भाड्याने आणून स्वतः चालवलं होतं. "तू चालवलं ना? मंग आमी काऊन नाही?" हा चुलतभावाचा सवाल.

माझं मत जुन्या मंडळींच्या बाजूने पडतं, पण त्यांच्या कारणासाठी नाही.

आधी हे समजून घ्या की इंग्लंडात हौशी माणूस त्या सीटवर का बसतो. धाडस जास्त आहे म्हणून नाही. माणसाची मजुरी महाग आहे म्हणून. ड्रायव्हर सोबत घेतला की भाड्याचा आकडा एकदम चढतो, मग नोकरदार माणूस म्हणतो, चावी द्या, मी बघतो. स्वतःच्या खासगी जागेत मिनी डिगर, म्हणजे आपला मिनी पोकलेनच, चालवायला तिथे सरकारी परवाना लागत नाही. आपल्याकडे हिशेब उलटा आहे. तासाच्या दरात डिझेल आणि यंत्राचा हप्ता हेच मोठे. ड्रायव्हरचा वाटा त्यामानाने किरकोळ. म्हणजे ज्या कारणासाठी तिकडे माणूस स्वतः लिव्हर धरतो, ते कारणच आपल्याकडे नाही. वाचणार ते थोडके पैसे आणि जाणार तो गावातल्याच एका पोराचा रोजगार.

व्हिडिओत न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे चावी हातात येण्याआधीचा अर्धा तास. यंत्र ट्रेलरवरून आणणारा माणूस ते उतरवून निघून गेला नाही. त्याने मला बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर उचलला की हायड्रॉलिक बंद पडतं, मग लिव्हरला कोपर लागलं तरी बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, हलत नाही. सीटवरून उठायचं तर आधी बकेट जमिनीवर टेकवायची, दांडा वर करायचा, इंजिन बंद करायचं, आणि मगच पाय खाली. हे त्याने माझ्याकडून घोकून घेतलं. बकेट जिथे अडकते तिथली पिन दाखवली. ती नीट बसली नाही तर बकेट गळून पडते, आणि तेव्हा खाली कोणाचा पाय असेल ते सांगता येत नाही. म्हणून बकेट बदलल्यावर ती जमिनीपासून वीतभर उचलून हलवून बघायची, उंचावर नाही.

मग पट्टा. मला वाटलं होतं, ताशी तीन-चार किलोमीटरने सरकणाऱ्या यंत्राला सीटबेल्ट कशाला? त्याचं उत्तर साधं होतं. यंत्र कलंडताना माणसाला उडी मारावीशी वाटते, आणि उडी मारणारा नेमका यंत्राच्या खाली जातो. डोक्यावरची लोखंडी चौकट वाचवते ती फक्त आत बांधून बसलेल्याला.

आणि मिनी डिगर कलंडतो. तो लहान आहे हेच त्याचं दुखणं. त्याची साखळ्यांसकट रुंदी मीटरभर. पुढे-मागे तो बऱ्यापैकी खंबीर असतो, पण भरलेली बकेट लांब करून बाजूला फिरवली की हलका होतो. उतारावर भरलेली बकेट खालच्या अंगाला फिरवायची नाही. काम करताना पुढचं पातं, म्हणजे माती लोटायची आडवी पट्टी, जमिनीला टेकवून ठेवायचं. ज्या मॉडेलच्या साखळ्या रुंद करता येतात, त्याच्या रुंद करूनच खोदायचं. वरचा भाग पूर्ण मागे वळवलेला असेल तर चालवायचे लिव्हर उलटे होतात. पुढे ढकलला की यंत्र मागे जातं. पातं कुठल्या बाजूला आहे ते पाहून मगच हलायचं.

गावातले काही जण म्हणतील, आपल्याकडे जेसीबी चालवणारी पोरं रग्गड आहेत, त्यांना कोण शिकवणार? इथेच जपायला हवं. लिव्हरची मांडणी सगळ्या यंत्रांत सारखी नसते. सरावलेला हात डोक्याच्या आधी चालतो, आणि मांडणी बदलली की नवख्यापेक्षा तोच जोरात चुकतो. मोकळ्या वावरात, हळू इंजिनवर, आधी नुसतं हवेत हलवून बघणं हे जुन्या ड्रायव्हरलाही चुकत नाही. (जाता जाता: जे. सी. बॅमफर्ड यांनी 1945 मध्ये ज्या युटॉक्सिटर गावात जेसीबी कंपनीची सुरुवात केली ते माझ्या घराजवळच आहे, आणि 1979 पासून कंपनीचा कारखाना हरियाणात बल्लभगडला आहे. आमच्या गावात मात्र पिवळं काहीही आलं तरी तो जेसीबीच.)

पण खरा फरक यंत्रात नाही, जमिनीत आहे.

आपली काळी माती उन्हाळ्यात फुटते. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. त्या दिवसांत चर खणला की त्याच्या भिंती करवतीने कापल्यासारख्या उभ्या राहतात, आणि माणसाला वाटतं, काय घट्ट जमीन आहे! ती घट्ट नाही, उभ्या तुकड्यांत आधीच कापलेली आहे. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. पाइप बसवायला खाली वाकलेल्या माणसाच्या छातीवर तिचा निम्मा तुकडा आला तरी श्वास घेता येत नाही, डोकं बाहेर असलं तरीही. अमेरिकेच्या नियमांत जमिनीच्या प्रती पाडल्यात, आणि भेगा असलेली माती कितीही कडक असली तरी पहिल्या प्रतीत धरत नाहीत. तिथल्या नियमाने सलग खडक सोडला तर पाच फूट आणि त्याहून खोल चराला आधार द्यावा लागतो किंवा भिंती तिरप्या कापाव्या लागतात. चार फुटांपासून बाहेर यायला शिडी लागते. काढलेली माती काठापासून निदान दोन फूट लांब टाकावी लागते. इंग्लंडात ठरावीक खोलीचा आकडा धरून बसत नाहीत. उथळ चरही जमीन बघूनच ठरवतात. हे सगळं यवतमाळच्या मातीला जास्त लागू पडतं. आपण काय करतो? माती काठालाच लावतो, कारण पुन्हा ओढायला सोपी. आणि यंत्रही काठालाच उभं करतो.

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. मृग बरसला की तीच माती फुगते, साखळ्यांत लगदा होतो, उतारावर यंत्र घसरतं. ओल्या काळ्या मातीत हौशी माणसाने यंत्र घालूच नये, हे मी पैज लावून सांगेन.

जमिनीच्या आत काय आहे, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडात खोदण्याआधी वीज, गॅस, पाणी, टेलिफोन यांचे नकाशे मागवता येतात आणि केबल शोधणारं उपकरण भाड्याने मिळतं. तरी त्या नकाशात मीटरच्या पलीकडची घरगुती वायर नसते. माझ्या घराच्या जुन्या मालकाने शेडकडे नेलेली वायर कुठल्याच कागदावर नव्हती. भारतातही 22 मार्च 2023 ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आलं, ऑप्टिकल फायबर आणि पाइपलाइनी तुटू नयेत म्हणून. रस्त्याच्या कडेला खोदायचं तर ते वापरा, जरूर. पण वावरातलं ॲपला काय ठाऊक? विहिरीवरून निघालेली मोटारीची केबल धुऱ्याच्या कडेने कुठे वळते, ठिबकची मेन पिकाच्या कोणत्या ओळीखाली आहे, आजोबांनी बुजवलेली जुनी विहीर कुठे होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत असतं. गावठाणात तर जुनी पेवं आहेत, धान्य साठवायची. वरून सपाट दिसतात, आत पोकळ. दीड टनाचं यंत्र त्यावर गेलं तर काय होईल ते सांगायला इंजिनिअर नको. मी म्हणतो, यंत्र धुऱ्यावर यायच्या आदल्या दिवशी बाबांना, काकांना सोबत घेऊन वावर चालून या आणि चुन्याने रेघा मारा. केबलजवळ बकेट नको, फावडंच बरं.

वरच्या तारांचं तसंच. आपल्याकडे वावरावरून जाणाऱ्या तारा उन्हाळ्यात लोंबतात, आणि शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री असते. त्यातून एक घातक समज रुळलाय: आता लाईन नाही, करून घ्या. लाईन कधी येईल ते यंत्रावर बसलेल्याला कळत नाही. तार बंद आहे असं लाईनमनने स्वतः बंद करून सांगितल्याशिवाय ती चालूच समजायची. बूम तारेला लागलाच तर खाली उतरायचं नाही, आतच बसून लोकांना लांब राहायला ओरडायचं. आग लागली आणि उतरावंच लागलं, तर यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी न शिवता पाय जोडून उडी घ्यायची आणि पावलं जवळ ठेवून सरकत दूर जायचं.

आता गर्दी. 2019 मध्ये जेसीबीची खुदाई बघणाऱ्या लोकांवर देशभर विनोद झाले. मला ते विनोद तेव्हाही फारसे रुचले नाहीत. बघणं यात वाईट काही नाही. मीही लहानपणी तासन्‌तास बघितलंय. पण कधीकधी वाचतो तो चालवणारा आणि जातो तो बाजूला उभा राहिलेला. वरचा भाग फिरतो तेव्हा मागचं वजन किती बाहेर येतं ते समोरून दिसत नाही, आणि ते वजन व भिंत यांत माणूस चिरडतो. ब्रिटनची आरोग्य आणि सुरक्षा संस्था सांगते की फिरणाऱ्या यंत्राच्या कोणत्याही भागात आणि जवळच्या अडथळ्यात अर्ध्या मीटरहून जास्त जागा हवी. आमच्या घरी एवढीशी जागा राखायला कुंपणालगतचा पट्टा हाताने खणावा लागला. गावात गोठ्याच्या भिंतीला लागून नाली काढताना कोण हा विचार करतो? मुलं तर बकेटच्या खालीच जाऊन उभी राहतात. सुताची दोरी आणि चार काठ्या, एवढ्यात हा प्रश्न सुटतो. दोरीपाशी एक माणूस उभा हवा, आणि त्याने हात वर केला की ड्रायव्हरने थांबायचं. तो माणूस यंत्रावर बसणाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मजुरांच्या मुद्द्याला मी झटकून टाकत नाही. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मग 2005 च्या केंद्रीय कायद्यात 60:40 हे मजुरी आणि साहित्याचं प्रमाण आलं, आणि हाताने होणाऱ्या कामाला शक्यतो यंत्र नको असं म्हटलं गेलं. पांदण रस्ता करताना ते प्रमाण कसं बसवलं जातं, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. पण मिनी पोकलेनवर हा राग काढून उपयोग नाही. त्याची बकेट लहान. 'मागेल त्याला शेततळे'मधलं तीस बाय तीस मीटरचं तळं त्याच्याने होणार नाही, तिथे मोठंच यंत्र येतं. हे यंत्र पाइपलाइनचे चर, संत्र्याचे खड्डे, गोठ्यामागची नाली, शोषखड्डा यासाठी. उन्हाळ्यात मजुराला काम नसतं हे खरं आहे, आणि त्याच मजुराच्या पोराला या यंत्रावर बसवता येईल हेही खरं आहे. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमाने ऑपरेटर तयार होतात. गटाने दोन पोरं किंवा पोरी, मला फरक पडत नाही, पाठवाव्या. आज आपला ड्रायव्हर शिकतो तो क्लीनर म्हणून दोन वर्षं बाजूला बसून, आणि उस्ताद चुकीचा असेल तर चुकीचंच शिकतो.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मीटरची. आपल्याकडे यंत्र ताशी ठरतं. ते धुऱ्यावर आलं की मालकाच्या डोक्यात आकडा पळायला लागतो: चला, चला, घाई करा. वावर चालून बघायला वेळ नाही, दोरी लावायला वेळ नाही, म्हाताऱ्याला विचारायला वेळ नाही. इंग्लंडातही हा ताण आहे, फक्त वेगळ्या वेळी येतो. सोमवारी सकाळी यंत्र परत द्यायचं असतं, म्हणून रविवारी अंधार पडताना हौशी माणूस थकलेल्या हातांनी शेवटचा कोपरा उरकायला बघतो. ट्रेलरवाल्याने मला बजावलं होतं की दिवस मावळला की बंद, राहिलं ते फावड्याने.

म्हणून गटाच्या बैठकीत माझ्या वतीने चुलतभावाने एवढं मांडावं असं मी त्याला सांगितलंय. पहिला अर्धा तास दरात धरू नये. त्या अर्ध्या तासात ड्रायव्हर मालकासोबत वावर चालेल, केबल आणि जुनी विहीर विचारेल, वर तार बघेल, दोरी बांधेल. आणि एखाद्या ठिकाणी खोदायला त्याने नाही म्हटलं तर त्याचा रोज कापायचा नाही, हे दरपत्रकावरच छापायचं. तो म्हणाला, "अर्धा तास फुकट म्हटलं तर गट डुबते." मी म्हटलं, उरलेल्या तासांवर थोडा दर वाढवा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बैठक पोळ्यानंतर आहे.