चेसिस सगळ्यांचं, बूट न झालेलं ब्लेड मात्र एकट्या माझं

बाप्पा, डोकं फिरलंय खरंच. चेसिसच्या, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र बसवायच्या पेटीच्या, रिकाम्या स्लॉटमध्ये एक नवीन ब्लेड, म्हणजे त्या पेटीत सरकवायचा सर्व्हर, लावलं, पीएक्सईनं, म्हणजे नेटवर्कवरून बूट करून, त्यावर ओएस टाकायची, एवढंच काम होतं. अजून अडकून पडलंय. अन् ज्याला विचारावं त्याचं एकच, "आमच्याकडून ओके आहे." अरे सगळ्यांचंच ओके आहे तर ते ब्लेड बूट काहून नाही होऊन राहिलं?

साधा रॅकवाला सर्व्हर असला की केबल डोळ्याला दिसते, काढून दुसऱ्या पोर्टात लावून बघता येते. इथे केबलच नाही. नेटवर्क कार्डाचा कुठला पोर्ट आतल्या कुठल्या स्विचला जाणार हे मिडप्लेनमध्येच, म्हणजे चेसिसच्या आतल्या जोडणीच्या बोर्डातच, ठरलेलं. मॅक ॲड्रेसही (कार्डाची नेटवर्कवरची ओळख) दोन, एक कार्डावरचा अन् एक प्रोफाइलनं, म्हणजे ब्लेडच्या सेटिंगच्या संचानं, पूलमधून दिलेला, अन् वायरवर दिसतो तो दुसरा. आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीच्या रिझर्व्हेशनमध्ये कोणीतरी कार्डाच्या स्टिकरवरचाच टाकून ठेवला. आमच्याकडे अनोळखी मॅकला आयपी मिळतच नाही, मग काय, पीएक्सई-ई५१, कोणाची ऑफर आली नाही. स्क्रीनवर तेवढी एक ओळ, बाकी तुम्ही बसा शोधत.

तो दुरुस्त करून घेतला तर व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं वेगळं पाडलेलं नेटवर्क, आडवा आला. बूटच्या वेळी कार्ड साधारणपणे व्हीलॅनच्या नंबराचा टॅग लावतच नाही, म्हणून बूटवाला व्हीलॅन त्या पोर्टवर नेटिव्ह, म्हणजे टॅगशिवाय चालणारा, पाहिजे. हे मी मेलमध्ये लिहिलं, फोनवर सांगितलं, कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखवलं. उत्तर काय, "ट्रंकमध्ये अलाउड आहे ना." अरे भाऊ, ट्रंकमध्ये, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकवर, अलाउड असणं वेगळं, नेटिव्ह असणं वेगळं! ओएस चढल्यावर टॅग लावतो की आम्ही, पण ओएस चढायलाच ते ब्लेड नेटवर्कवर यायला पाहिजे ना. त्यात आतल्या स्विचवर स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणाऱ्या पद्धतीचं, जुनंच सेटिंग, पोर्ट लगेच सुरू करणारं पोर्टफास्ट नाही, लिंक वर आली की १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग, तोवर एक फ्रेम पुढे जात नाही अन् काही कार्डं त्याच्या आधीच हात टेकतात. हे तर जुन्या माणसांना पाठ असायला पाहिजे.

ऑफर मिळाली तर फाइल चुकीची. क्लायंट (बूट होणारं ब्लेड) डीएचसीपीच्या ऑप्शन ९३ मध्ये स्वतः सांगतो मी कोण, जुनं फर्मवेअर म्हणजे बायोस असेल तर ०, नवं म्हणजे यूईएफआय असेल तर बहुतेक वेळा ७, ते बघून फाइल द्यायची असते. आमचा बूट सर्व्हर कोणाचंच ऐकत नाही, सगळ्यांना बायोसचीच फाइल वाटतो. यूईएफआयवालं ब्लेड ती उतरवून घेतं अन् पुढे ढिम्म.

अन् एकेक बदल तपासायचा म्हणजे रीबूट. मेमरी भरपूर, पोस्टमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या हार्डवेअर तपासणीतच, कितीतरी मिनिटं जातात, रिमोट कन्सोल तोवर लटकतो, नेटवर्क बूटसाठी एफ १२ दाबायचा क्षण गेला की परत पहिल्यापासून. बरं, सेटअपमध्ये जाऊन बूट ऑर्डर बदलली, सेव्ह केली, रीबूट केलं, तर प्रोफाइलनं आपली जुनी ऑर्डर परत लादली! मग ते सेटअपचं पान बदलू देताच कशाला, सरळ कुलूप लावा ना त्याला.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो टेम्पलेटचा, म्हणजे प्रोफाइलच्या साच्याचा. एकाच टेम्पलेटला कितीतरी ब्लेडं बांधलेली, कोणाला स्वतःच्या सर्व्हरसाठी एक व्हीनिक, म्हणजे आभासी नेटवर्क कार्ड, वाढवायचा होता, त्यानं तो टेम्पलेटमध्येच वाढवला, विचारलं नाही, सांगितलं नाही. रीबूटची पॉलिसी लगेचवर ठेवलेली, ती मंजुरी मागणारी ठेवता येते, एक क्लिकचं काम आहे राजेहो, तेही कोणी केलं नव्हतं. तो बदल सगळ्या ब्लेडांवर गेला अन् चालू सर्व्हर भरदुपारी रीस्टार्ट झाले, बिलिंगचाही गेला. चेसिस लांबून सांभाळायचं मॅनेजमेंट मॉड्यूल पिंगला उत्तर देत नव्हतं म्हणून मे महिन्यात, पारा ४५ च्या वर, नागपूरजवळच्या हिंगण्याहून मिहानला गाडी हाकत मी गेलो. अन् मीटिंगमध्ये प्रश्न कोणाला? मलाच, की तुम्ही त्या दिवशी चेसिसवर काम करत होता ना. चेंज लॉग काढून दाखवला तेव्हा कुठे सगळे गप्प झाले, पण ज्यानं केलं त्याला एका शब्दानं कोणी बोललं नाही. सामायिक विहिरीचं असतं तसं चाललंय, पाणी सगळ्यांना पाहिजे, गाळ काढायला कोणी उतरत नाही.

मी आता लेखी मागितलंय. स्लॉट कोणता, प्रोफाइल कोणतं, पूलमधला मॅक कोणता, नेटिव्ह व्हीलॅन कोणता, बूट मोड कोणता, अन् टेम्पलेटला हात लावायचा हक्क कोणाला, हे एका शीटमध्ये नावासकट भरून द्या अन् रीबूटची पॉलिसी आजच्या आज बदला. ती शीट येत नाही तोवर त्या ब्लेडची पॉवर मी चालू करणार नाही, मग एस्कलेशन कुठेही जाऊ द्या.