साबण रेशनवर मिळत नाही

संध्याकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसलेय. मोठं होईल, पण वाचा.

२०२५ ची दिवाळी तोंडावर आलीय, आमच्या बेळगावच्या वडगावातल्या किराणा दुकानात गर्दी होती. माझ्या पुढे गल्लीतल्या एक मावशी. विणकामाच्या मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरतात. घरात त्या, मुलगी आणि नातू. पाव किलो साखर, अर्धा लिटर तेल, थोडा रवा आणि सहा अंडी मागितली. पैशासाठी कमरेची पिशवी सोडत होत्या, तेवढ्यात मागून एक गृहस्थ, चांगले शिकलेसवरलेले, म्हणाले, "रेशनचा तांदूळ इकायचा आणि अंडी खायची. मज्जा आहे की ओ यांची. टॅक्स भरायला आम्ही." दोघंतिघं हसले. मावशींनी मान वर केली नाही. दुकानदाराला हळूच म्हणाल्या, "चारच दे रे बाबा." दोन अंडी परत ट्रेमध्ये गेली.

मी गप्प उभी राहिले. तेच सलतंय.

त्या घरात तिघं. माणशी १० किलो धरून महिन्याला ३० किलो तांदूळ येतो. ज्वारी कधी मिळाली तर मिळाली. आता मला सांगा, आपल्या भागात तीन वेळा नुसता भात कोण खातं? दुपारची भाकरी लागते. आणि भातावर घालायला काय? डाळ, तेल, तिखट, चहाची पूड, गॅस, नातवाच्या खोकल्याचं औषध, यातलं काय अंगठा लावून मिळतं? हातात जास्तीची वस्तू एकच आहे, तांदूळ. मग तोच देऊन बाकीचं आणणार ना माणूस.

मी पाचवीत होते. बाबा त्याच वर्षी गेले. शर्टाची कॉलर मळकी म्हणून बाईंनी मला वर्गात उभं केलं होतं. घरी येऊन रडले. आई काही बोलली नाही. दिवेलागणीला तिनं डब्यातून दोन मापटी रेशनचा तांदूळ कापडी पिशवीत काढला, पिशवी पदराखाली धरली आणि मला घेऊन निघाली. मोठ्या रस्त्यानं नाही, मागच्या बोळातनं. दुकानदारानं तांदूळ हातात घेऊन खडे बघितले, नाक मुरडलं आणि निम्म्याहून कमी भाव लावला. मग कपड्याच्या साबणाची वडी दोऱ्यानं मधोमध कापली आणि अर्धी कागदात गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी माझी कॉलर पांढरी होती.

कायद्यानं माझी आई गुन्हेगार. रेशनचा तांदूळ विकायचा नाही, मला ठाऊक आहे. रिक्षातनं पोती गोळा करणारे एजंट आहेत, गाडी दारात असून बीपीएल कार्ड बाळगणारे आहेत, तेही मान्य. त्यांना धरा ना! त्यांच्यासमोर हे गृहस्थ तोंड उघडणार नाहीत. सापडते ती सहा अंडी घेणारी बाई.

आणि लोकांना पटतं तरी काय? माणशी १० किलोतले पाच किलो राज्य सरकारचे जादा. तो जादा तांदूळ मिळेना म्हणून जुलै २०२३ पासून सरकार त्या पाच किलोचे पैसे खात्यावर टाकायचं. किलोला ३४ रुपये, म्हणजे माणशी १७०. तूरडाळ जेमतेम किलोभर यायची त्यात. पण यायची. मावशींच्या घरी त्या दिवसांत आमटीला फोडणी बसायची, तो वास आमच्या खिडकीपर्यंत यायचा. तेव्हा हीच माणसं म्हणत होती, पैसे दारूत जातात. गेले असतील काही घरांत. २०२५ च्या फेब्रुवारीपासून पुन्हा तांदूळ सुरू झाला, तर आता म्हणतात तांदूळ विकतात. गरिबानं नेमकं काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल?

या ऑक्टोबरात, २०२५ मध्ये, कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं ठरवलंय की जादा पाच किलोच्या जागी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असं किट द्यायचं. चांगलं आहे, मनापासून म्हणते. पण अन्नभाग्य, म्हणजे आमच्या कर्नाटकची ही रेशनच्या तांदळाची योजना, २०१३ साली सुरू झाली. भाताला डाळ लागते, एवढं ठरायला बारा वर्षं? पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला, माझ्या मावसबहिणीला रेशनवर २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळालं होतं. सीमेचा वाद उकरत नाही मी, त्यासाठी वेगळी पोस्ट लिहीन. एवढंच म्हणतेय की तिच्या घरी त्या वर्षी शंकरपाळ्या झाल्या.

आणि किट आलं तरी त्यात अंडी नसतील, साबणही नसेल. काहीतरी बाहेरनं घ्यावं लागणारच आणि मागे उभं राहून कुणीतरी पिशवीत डोकावणारच. आपल्या पिशवीत कोण डोकावतं? मी आज काजू घेतले, कुणी विचारलं नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या गृहस्थांनाही कदाचित घरी कसली तरी चणचण असेल. असेल. तरी ती दोन अंडी मला विसरता येत नाहीत. मावशींकडे अंडी घेऊन जावं असं मनात आलं, मग वाटलं, त्यांना अजूनच लाजल्यासारखं होईल. उद्या सकाळी फराळाचं ताट घेऊन जाईन. ते तर आपण एकमेकींकडे देतोच.

आत्ता आईला फोन केला. विचारलं, तो साबण आठवतो का गं? तिचं वय पंच्याहत्तर, औषधाच्या वेळा विसरते. म्हणाली, "आठवतो की. दोन मापट्याला अख्खी वडी यायला पाहिजे होती. अर्धीच दिली त्यानं."