झगा खरा, तारीख खरी. मग प्रसंगही खरा?

ब्रिटनच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीवरची नेटफ्लिक्सची मालिका ‘द क्राउन’ २०२३च्या डिसेंबरमध्ये संपली, पण तिच्या बाजूने लिहिलेला एक मजकूर अजून या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोच आहे. गोषवारा असा: मालिकेमागे संशोधकांची फौज होती, कल्पनेतलं असेल तर ते फक्त बंद दाराआडचं बोलणं, घटना मात्र सगळ्या घडलेल्या, भावना खऱ्या असल्यावर तपशील थोडा इकडचा तिकडे झाला तर काय बिघडलं, आणि हे नाटक आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी साठच्या साठ भाग पाहिले आहेत, तेही आवडीने. तरी यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

आधी संशोधनाचं घेऊ. ते होतं, यात वाद नाही. डायनाच्या लग्नाच्या झग्यापर्यंत बारीकसारीक सगळं जमवलेलं. पण माहिती जमवणं वेगळं आणि तिचं ऐकणं वेगळं. राणीची धाकटी बहीण मार्गारेट आणि घटस्फोटित वायुदल अधिकारी टाउनसेंड यांचं प्रकरण बघा. मालिकेत थोरली बहीण धाकटीसमोर पेच टाकते: हे लग्न केलंस तर तू आमची राहणार नाहीस. डोळ्यांतून पाणी काढणारा प्रसंग आहे. प्रत्यक्षात १९५५ साली सरकार आणि राजवाडा यांनी मिळून तोडगा काढत आणला होता. मार्गारेटने गादीवरचा हक्क सोडायचा, बस. पदवी राहणार, तनखा राहणार, देश सोडायची गरज नाही. ३१ ऑक्टोबरला तिने लग्नाला नकार जाहीर केला, तेव्हा तिच्यासमोरची वाट मालिकेत दिसते तितकी बंद नव्हती. ही कागदपत्रं २००४ साली खुली झाली. मालिका आली २०१६ला. म्हणजे फौजेला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

‘घटना सगळ्या घडलेल्या’ हा दावा तर आणखी कच्चा. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुकं बसलं, हे खरं. पण त्या धुक्यात बसखाली सापडणारी चर्चिलची तरुण सेक्रेटरी व्हेनेशिया स्कॉट कधी जन्मलीच नव्हती. त्या धुक्यामुळे चर्चिलची खुर्चीही डळमळली नाही. धुकं लंडनकरांच्या सवयीचं होतं. माणसं किती गेली ते नंतर मोजलं गेलं, आधी चार हजार, पुढच्या अभ्यासांत बारा हजारांपर्यंत. हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा यायला १९५६ उजाडलं. हजारो माणसं सावकाश, घराघरांत मरतात आणि सरकार ढिम्म राहतं, ही खरी गोष्ट. तिच्यात पडद्यासाठी एकच चेहरा लागतो, म्हणून एक मुलगी बनवली आणि मारली.

राणीचा नवरा फिलिप, त्याची बहीण सिसिली १९३७ साली विमान अपघातात गेली. मालिका म्हणते, फिलिपने शाळेत मारामारी केली, त्याची सुट्टी रद्द झाली आणि म्हणून ती त्या विमानात बसली. ती दिराच्या लग्नाला लंडनला निघाली होती. पोराने मारामारी केली असती वा नसती, ती निघणारच होती. सोळा वर्षांच्या मुलाच्या माथी बहिणीचं मरण मारायचं, ही ‘बंद दाराआडची’ कल्पना म्हणायची का? फिलिपचा मामा माउंटबॅटन १९७९ला बॉम्बस्फोटात गेला. त्यानंतर चार्ल्सच्या हाती पडणारं त्याचं पत्र लेखकाने स्वतःच रचलं आणि तसं सांगितलंही. (मालिका १९४७च्या नोव्हेंबरात सुरू होते. त्याच्या तीनच महिने आधी हे मामा आपल्याकडे काय उरकून बसले होते, त्याची सावलीही तिथे जाणवत नाही.)

आता ‘भावना खऱ्या’. ॲबरफॅनचा भाग बघताना मी रडलो, खोटं कशाला बोलू? २१ ऑक्टोबर १९६६ला वेल्समधल्या या गावावर खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा कोसळला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. राणी आठ दिवसांनी गेली, हेही खरं. मालिकेत ती कोरड्या डोळ्यांना रुमाल लावते. तिथे हजर असलेल्यांनी मात्र तिला हेलावलेली पाहिलं होतं. पण माझी तक्रार रुमालाबद्दल नाही. खाण चालवणाऱ्या सरकारी कोळसा मंडळावरचा गावाचा संताप भागात येतो आणि मग गोष्ट वळते ती राणीला रडू येतं की नाही या प्रश्नावर.

ढिगारा क्रमांक ७ झऱ्यावर रचलेला होता. चौकशीने १९६७ साली दोष कोळसा मंडळावर ठेवला, तरी कुणावर खटला झाला नाही. उरलेले ढिगारे हलवायला मुलांच्या नावाने जमलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड उचलले गेले. ते परत मिळाले १९९७ साली, बिनव्याजी. त्या आईबापांना राणीच्या अश्रूंचा हिशोब नको होता, पैशांचा हवा होता. राणीचं मन नाटकाच्या मधोमध ठेवलं की बाकी सगळे तिला रडवण्यापुरते उरतात. भावनेचं खरेपण मला मान्य आहे. फक्त ती कुणाची, हे कोण ठरवतं?

राहता राहिलं ‘सगळ्यांना कळतं’. २०२०मध्ये ब्रिटनच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी ‘हे काल्पनिक आहे’ अशी सूचना दाखवा म्हटलं, तर नेटफ्लिक्सने हेच उत्तर देऊन नकार दिला. दोन वर्षांनी माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी त्यांच्या तोंडी घातलेल्या प्रसंगाला पिंपभर बकवास म्हटलं, अभिनेत्री जूडी डेंच यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. मग पाचव्या सीझनच्या ट्रेलरखाली तशी ओळ आली. आपल्या ऐतिहासिक मालिकांची पाटी निदान भागाच्या सुरुवातीला सर्रकन पळते तरी.

आणि मायकेल फेगन? जुलै १९८२मध्ये तो राणीच्या शयनगृहात शिरला होता. २०१२च्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं की गप्पा वगैरे काही झाल्या नाहीत. राणी त्याच्या बाजूने अनवाणी पळत खोलीबाहेर गेली. २०२०च्या सीझनमध्ये तीच राणी थांबून थॅचरबाईंच्या राज्यातल्या बेकारीचं त्याचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेते.