५० हजार पत्ते घेऊ नकोस रे

मागच्या महिन्यात नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याचं मसाल्यांचं छोटं दुकान आहे. "ताई, एक जण ३ हजारांत ५० हजार ईमेल पत्ते देतोय, सगळे नाशिक-पुण्याचे. घेऊ का? तू तिकडे मेलवरच फराळ विकतेस ना?"

मी मिसिसागात राहते, टोरांटोच्या शेजारी. गेली ८ वर्षं दिवाळीआधी चकली, कडबोळी, अनारशांच्या ऑर्डरी घेते, आणि त्यातल्या बऱ्याचशा खरंच मेलवरून येतात. तरी मी त्याला नको म्हटलं. मग तासभर आमची जुंपली. त्याचं म्हणणं असं, की आपल्याकडे ईमेलला कायदाच नाही, आणि डेटाचा जो नवा कायदा आलाय तो मोठ्या कंपन्यांना ठीक आहे, छोट्या दुकानदाराला त्यातून वगळायला हवं. त्याच्या गल्लीतले इतर दुकानदारही हेच म्हणतात.

पहिल्या अर्ध्या भागात तथ्य आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज नकोत असं, नोंदवलं तरी ईमेलला त्याचा काही उपयोग नाही. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वेगळ्या बाजूने येतो. मेल पाठवला की नाही हे तो बघत नाही, हा पत्ता तुझ्याकडे कुठून आला आणि कशासाठी घेतला होतास हे विचारतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यातच औषधाच्या दुकानाचं एक उदाहरण दिलंय. ग्राहक बाई पैसे दिल्याची पावती मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर देते, तर दुकानाने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा. बस, तेवढंच. आपल्याकडे बिल करताना "मोबाईल नंबर सांगा" म्हणतात आणि आपण सवयीने सांगून टाकतो. त्या सवयीवर नेमकं बोट या उदाहरणाने ठेवलंय.

कॅनडाचा स्पॅमविरोधी, म्हणजे न मागितलेल्या जाहिरातींच्या मेलविरुद्धचा, कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे. तो अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यापेक्षा बराच कडक. अमेरिकेत समोरचा "बंद करा" म्हणेपर्यंत पाठवता येतं, इथे आधी विचारावं लागतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण पहिल्या वर्षी नव्हतं. एका मित्रमंडळाच्या सभासदांची यादी हाताला लागली आणि तीनेकशे लोकांना मी एका झटक्यात फराळाचा मेल पाठवला. ऑर्डरी आल्या चार. एका काकूंनी उत्तर लिहिलं, "माझा पत्ता मी मंडळाला दिला होता, तुम्हाला नाही." ते वाक्य वाचून मला घाम फुटला. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

त्याहून वाईट पुढे झालं. ज्यांनी स्वतःहून ऑर्डर दिली होती, त्यांना पाठवलेले पोचपावतीचे मेलही स्पॅममध्ये जाऊ लागले. लोक फोन करून विचारायचे, "ऑर्डर मिळाली ना?" भावाला मी हेच पोटतिडकीने सांगत होते. कायदा क्षणभर बाजूला ठेव. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५ हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना नियम घातलेत. डोमेनची, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची, ओळख पटवणारी तांत्रिक सोय हवी, एका टिचकीत नाव काढता यायला हवं, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात ३ पर्यंत पोचता कामा नयेत. विकतच्या यादीतले ५० हजार लोक तुला ओळखतच नाहीत, मग ते स्पॅमचं बटण दाबणार नाहीत तर काय करणार? तुझं दुकानाचं डोमेन एकदा बदनाम झालं, की वीस वर्षांच्या गिऱ्हाईकाला पाठवलेलं बिलसुद्धा पोचणार नाही.

आज माझ्या यादीत २१४ नावं आहेत. दसऱ्याच्या सुमारास स्टॉल लावते तेव्हा टेबलावर एक वही असते. नाव, मेल, तारीख आणि एक रिकामा चौकोन: "वर्षातून तीन मेल चालतील." चौकोनात खूण त्यांनीच करायची, मी आधी करून ठेवायची नाही. मागच्या दिवाळीला या २१४ जणांना एक मेल गेला आणि ६७ ऑर्डरी आल्या. मेल उघडला किती जणांनी, हा आकडा मी बघतच नाही. ॲपलने २०२१ मध्ये केलेल्या बदलानंतर न उघडलेला मेलही उघडल्यासारखा दिसू शकतो, म्हणून त्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. ऑर्डर आली का, तेवढं मी मोजते.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र नाही, आणि भावाची तक्रार मला कळते. ज्याने फक्त खरेदी केली, खूण केली नाही, त्याला दोन वर्षं पाठवता येतं. नुसती चौकशी केली असेल तर सहा महिने. या तारखा मीच सांभाळायच्या, आणि संमती होती हे सिद्धही मीच करायचं. प्रत्येक मेलखाली टपालाचा पत्ता लागतो. घरातून धंदा करणाऱ्या बाईने घरचा पत्ता शेकडो लोकांना का द्यावा? म्हणून मी पोस्टात पेटी भाड्याने घेतली आहे, आणि ते भाडं मला जाणवतं. दंडाची कमाल मर्यादा कंपनीला १ कोटी डॉलर, व्यक्तीला १० लाख. क्यूबेकच्या कॉम्पू-फाइंडर कंपनीला २०१५ मध्ये ११ लाख डॉलरचा दंड लागला, तो २०१७ मध्ये २ लाखांवर आला. त्याच वर्षी ग्राहकांना थेट दावा लावू देणारं कलम सरकारने अंमलात येण्याआधीच थांबवलं, कारण व्यापारी धास्तावले होते. म्हणजे ही ओढाताण इथेही झाली.

तरीही छोट्याला संमतीतूनच वगळा, या मागणीला माझा विरोध आहे. भारताच्या कायद्यात स्टार्टअपसारख्यांना काही कलमांतून सूट देण्याची सोय सरकारने ठेवली आहे. नोंदवह्या, नोटिशीचा मसुदा, कागदपत्रं यांचा भार छोट्या दुकानदारावरूनही उतरवा, जरूर उतरवा. दंडाआधी समज द्या. पण विचारण्यातून सूट मागणारा दुकानदार स्वतःचंच नुकसान करतोय. मोठ्या कंपनीची जाहिरात जागोजागी असते. तुझ्याकडे गिऱ्हाईकाचा विश्वास सोडून दुसरं आहे काय?

भाऊ म्हणाला, आपल्याकडे मेल वाचतं कोण, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. खरं आहे. मग नंबरही विचारूनच घे, काम तेच आहे.

संमतीची विनंती मराठीतून मिळवण्याचा हक्क भारताच्या या कायद्याने ग्राहकाला दिलाय, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा चालते. म्हणून फोन ठेवण्याआधी मी त्याला चार ओळी सांगितल्या आणि त्याने बिलाच्या कागदामागे उतरवून घेतल्या: "नवीन मसाला आला की कळवू. तुमचा नंबर किंवा मेल फक्त त्यासाठी वापरू. दुसऱ्या कोणाला देणार नाही. नको असेल तेव्हा 'नको' एवढंच लिहा, नाव काढून टाकू."

काल त्याने गल्ल्याशेजारच्या वहीचा फोटो पाठवला. आठवड्यात १९ नावं. खाली लिहिलं होतं, "ताई, एवढ्यावर काय होणार?" मी लिहिलं, यातले किती जण परत येतात ते गुढीपाडव्यापर्यंत मोज, मग बोलू.