नास्तिक शेवटी देवाला शरण जातो, हे खरे नाही

एखाद्या नास्तिक व्यक्तीच्या निधनाची बातमी आली की एक मजकूर मोबाइलवरून पुन्हा फिरू लागतो. त्याचे शब्द बदलतात, आशय तोच राहतो. नास्तिकपणा ही तरुण रक्ताची आणि धडधाकट शरीराची चैन आहे. मरण दारात उभे राहिले की प्रत्येक जण देवाचा धावा करतो. डार्विननेही अखेरीस आपले मत मागे घेतले. श्रद्धा नसलेल्याला संकटात आधार नसतो, म्हणून तो कोलमडतो. आणि देव न मानणाऱ्यांच्या घरीही शेवटी दहावे-तेरावे होतेच. हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण वाईट हेतूने तसे करत नसतील. पण अनेकदा तो अशाच घरी पोहोचतो जिथे नुकतेच कुणी गेलेले असते, आणि गेलेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या प्रामाणिकपणावर तो संशय घेतो. म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

डार्विनची गोष्ट लवकर निकालात निघते. त्याचा मृत्यू १८८२ सालच्या एप्रिलमध्ये झाला. मृत्युशय्येवर तो बायबल वाचत होता आणि उत्क्रांतीच्या सिद्धान्ताबद्दल पश्चात्ताप व्यक्त करत होता, ही कथा १९१५ साली, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी, अमेरिकेतील एका धार्मिक नियतकालिकात छापून आली. ती सांगणारी बाई लेडी होप या नावाने ओळखली जात असे. वडिलांच्या अखेरच्या दिवसांत जवळ असलेली डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ साली ही कथा जाहीरपणे खोडून काढली. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ही बाई तेथे नव्हतीच आणि वडिलांनी आपले कोणतेही वैज्ञानिक मत कधीही मागे घेतले नाही, असे तिने स्पष्ट लिहिले. त्यालाही आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. तरीही कथा टिकून आहे, कारण ती अनेकांना खरी असावीशी वाटते.

मरण समोर दिसल्यावर सगळेच शरण जातात, हे विधान अधिक गंभीरपणे घेण्यासारखे आहे, आणि त्याची परीक्षा घेण्याची संधी इतिहासाने एकदा नव्हे, अनेकदा दिली आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७७६ साली पोटाच्या असाध्य विकाराने एडिनबरोमध्ये मरणपंथाला लागला होता. त्या जुलै महिन्यात लेखक जेम्स बॉसवेल त्याला मुद्दाम भेटायला गेला. मृत्यूनंतर काही असणे शक्य नाही का, असे त्याने विचारले, तेव्हा ह्यूमने उत्तर दिले की विस्तवात टाकलेला कोळसा जळणार नाही हेही शक्यच आहे. अस्वस्थ झाला तो श्रद्धाळू बॉसवेल. ह्यूम प्रसन्नच राहिला. ऑगस्टमध्ये त्याचा अंत झाल्यावर त्याचा मित्र, अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने त्याच्या शांत मरणाचे वर्णन करणारे पत्र प्रसिद्ध केले, तर स्मिथवर इतकी टीका झाली की ब्रिटनच्या व्यापारव्यवस्थेवरील आपल्या कठोर हल्ल्यापेक्षा या पत्रामुळे आपल्याला दहापट शिव्या खाव्या लागल्या, असे पुढे त्यानेच लिहिले. नास्तिकाचे शांत मरण लोकांना किती खुपते, हे त्यावरून समजते.

आपल्याकडचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक असले पाहिजे. भगतसिंगांनी आपण नास्तिक का आहोत हे सांगणारा निबंध १९३० सालच्या ऑक्टोबरमध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला, तेव्हा फाशी होणार हे जवळजवळ निश्चित होते. गळ्याभोवती दोर आवळला जाईल आणि पायाखालची फळी सरकेल तोच आपला शेवटचा क्षण, त्यापुढे काही नाही, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. तरुण रक्ताचा आक्षेप त्यांच्या वयाकडे पाहून घेता येईल, पण मरण दूर असल्याचा आक्षेप घेता येणार नाही. या निबंधातील मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा मात्र वेगळी आहे. श्रद्धेमुळे संकटांची धार बोथट होते आणि देवात माणसाला मोठा दिलासा सापडू शकतो, हे ते मोकळेपणाने मान्य करतात, आणि तो दिलासा नाकारून स्वतःच्या पायावर उभे राहणे सोपे नाही, हेही सांगतात. २३ मार्च १९३१ रोजी ते फासावर गेले.

येथे कुणी म्हणेल की ही असामान्य माणसे होती, सामान्यांचे काय? आगरकरांचे नाव मी याच कारणासाठी घेणार नाही, जरी सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती आणि दम्याने खंगून ते १८९५ साली अवघ्या ३८ व्या वर्षी गेले, तरी आपले मत त्यांनी सोडले नाही. सामान्य माणसांविषयी संशोधन काय सांगते ते पाहावे. मृत्यूची भीती आणि धार्मिकता यांच्यातील संबंधावर १९६१ ते २०१४ या काळात प्रसिद्ध झालेल्या सुमारे १०० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात जगभरातील सुमारे २६,००० लोकांची माहिती होती. निम्म्याहून अधिक अभ्यासांत दोन्हींचा काही संबंध आढळला नाही. काहींत धार्मिक लोक कमी घाबरणारे निघाले, तर काहींत अधिक. ज्या थोड्या अभ्यासांनी संबंधाचा आकार नीट तपासला, त्यांतील बहुतेकांत भीती सर्वाधिक आढळली ती मधल्या लोकांत. अतिशय श्रद्धाळू आणि ठामपणे अश्रद्ध हे दोघेही तुलनेने शांत होते. श्रद्धा भीती घालवते आणि अश्रद्धा ती वाढवते, असा सरळ नियम यातून निघत नाही.

आता आधाराच्या मुद्द्याकडे येतो, कारण खरा वाद येथेच आहे. डॉ. श्रीराम लागू हे महाराष्ट्राला परिचित असलेले कदाचित सर्वांत स्पष्टवक्ते नास्तिक. देवाला आता निवृत्त करायला हवे, असे ते जाहीरपणे म्हणत. त्यांचा मुलगा तन्वीर धावत्या रेल्वेगाडीवर बाहेरून कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने गेला. इतके निरर्थक, इतके आकस्मिक मरण एखाद्या आईबापाच्या वाट्याला यावे, याहून कठीण परीक्षा कोणती? दीपा आणि श्रीराम लागूंनी त्या दुःखाला दैवी अर्थ चिकटवला नाही. त्यांनी मुलाच्या नावाने रंगभूमीवरील कामासाठी तन्वीर सन्मान सुरू केला, आणि तो दरवर्षी त्याच्या जन्मदिनी दिला जाऊ लागला. दुःख त्यामुळे संपले, असे मी म्हणत नाही. परंतु ज्याला आधार नाही असा माणूस असे वागत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातील पुलावर हत्या झाली. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. त्यांच्यात देव मानणारेही होते आणि न मानणारेही. ठरलेला दिवस, ठरलेली जागा, सोबतची माणसे आणि पुढे न्यायचे काम, एवढ्या गोष्टींनी शोक पेलला जातो. श्रद्धावंतांना मानसिक स्वास्थ्य अधिक लाभते, असे दाखवणारे अभ्यास आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत समाधानाचा संबंध प्रार्थनास्थळी मिळालेल्या मैत्रीशी जुळलेला दिसला. एकटे जाऊन एकटे परतणाऱ्यांना तो लाभ तसा मिळत नव्हता.

याच ठिकाणी आपण नास्तिकांनी एक उणीव कबूल केली पाहिजे. गावात कुणी गेले की त्या घरी चूल पेटत नाही आणि भाऊबंद, शेजारी कडू घास घेऊन येतात. तेरा दिवस घरात माणसे असतात, रडायला मुभा असते, काय करायचे ते कुणालाही विचारावे लागत नाही. विधी नाकारणाऱ्या घरी दुपारी विद्युतदाहिनीतून परतल्यावर संध्याकाळी घर रिकामे होते, कारण लोकांना किती दिवस यायचे ते कळत नाही. हा अभाव खरा आहे. मात्र तो देवाचा अभाव नाही, शेजाऱ्यांना हाक मारण्याची रीत न घडल्याचा आहे, आणि अशी रीत घडवता येते. शिवाय जुन्या विधींनी सर्वांनाच दिलासा दिला, असेही नाही. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून आयुष्यभर स्वतःला दोष देणारी मुले आहेत. नवरा गेला त्याच दिवशी बायकोचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, ही प्रथा थांबवण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये ठराव करावा लागला. तिच्या शोकाच्या सर्वांत नाजूक क्षणी विधीनेच तिला दुखावले होते.

उरला शेवटचा मुद्दा. नास्तिकाच्या घरी तेरावे झाले, म्हणजे तो अखेरीस परतला, हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण विधी मेलेला माणूस करत नाही. ते जिवंत माणसे करतात, कधी स्वतःच्या समाधानासाठी, कधी नात्यातल्या ज्येष्ठांच्या दडपणामुळे. त्यांना दोष देण्याची गरज नाही. पण त्यांच्या कृतीवरून गेलेल्याचे मत ठरवणे अन्यायाचे आहे. ज्यांना हे टाळायचे असेल त्यांनी आपली इच्छा कागदावर लिहून घरातल्या सर्वांशी धडधाकट असतानाच बोलले पाहिजे. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, आणि नेत्रदानासाठी तर हाती साधारण सहा तासच असतात. त्या तासांत दूरध्वनी कुणी करायचा, हे एका व्यक्तीचे नाव घेऊन आधीच ठरवून ठेवावे.