रविवारी आमच्याकडं बारसं आहे

डिसेंबरात कोल्हापूरची थंडी म्हणजे पहाटेचे पंधरा अंश. तेवढ्यावर आमच्या आईचा स्वेटर, त्यावर शाल, त्यावर कानटोपी आणि सगळ्यात वर ‘औंदा लई गारठा हाय बाई’ हे वाक्य चढतं. अकरा वाजेपर्यंत बाकी सगळं उतरतं, वाक्य तेवढं राहतं.

अशाच एका पहाटे डॉक्टरांच्या धाकानं मी महावीर उद्यानात चालायला गेलो होतो. तिथं एक स्मारकस्तंभ आहे. त्याच्याजवळ मी वर्षानुवर्षं बुटाच्या नाड्या बांधत आलोय, वाचला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत आपल्या वळिवड्यात राहिले, त्यांची ती आठवण. (त्यांच्यामागून त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले, आणि आज तिथल्या गांधीनगरात आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.) सायबेरियाच्या बर्फातून सुटून इराणमार्गे आलेल्या त्या बायकांना आमची पंधरा अंशांची थंडी म्हणजे वैशाखच वाटला असेल. असलं काही वाचून लोक गहिवरतात. मला भूक लागली. ही माणसं थंडीत खात काय असतील?

मोबाईलनं सांगितलं, बार्श्च. बिटाचं आंबट, लालभडक सार. नाताळच्या आदल्या रात्री आकाशात पहिली चांदणी दिसली की पोलंडात घरोघरी जेवायला बसतात, तेव्हा हे लागतंच. मी तिथल्या तिथं ठरवलं. लाल पातळ पदार्थ आणि कोल्हापूर, यात अवघड ते काय?

अवघड पहिल्या पायरीलाच होतं. या साराला आंबटपणा चिंचेचा चालत नाही, बीटच आंबवावं लागतं. सोलायचं, फोडी करायच्या, मिठाच्या पाण्यात लसूण, तमालपत्र, मिरी घालून बरणीत बुडवायच्या आणि पाच-सहा दिवस उबेला ठेवायच्या. जे आंबट पाणी तयार होतं त्याचं नाव मी इंग्रजी अक्षरांवरून ‘झाकवास’ असं वाचलं. खरा उच्चार झाकफास आहे हे नंतर कळलं, पण तोवर आईनं नाव कायम केलं होतं. “झाकून ठिवलं तरी वास येतोयच की!”

तिकडच्यांचं बरोबर आहे म्हणा. हिवाळ्यात जमिनीवर बर्फ, हिरवं पान दिसत नाही, मग आधीच काढून ठेवलेलं बीट आणि कोबी आंबवून वसंतापर्यंत पुरवायचं. आमच्या कपिलतीर्थ मंडईत डिसेंबरात मेथी, पावटा, वांगी इतकी ओसंडत असतात की पाटीला पाय लागल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. देव ताजं ताजं वाढत असताना मी मात्र दोन किलो बीट घेऊन ते आंबवायला निघालो होतो. भाजीवाल्या मावशींनी तोलताना काळजीनं विचारलं, “घरात कुणाचं रक्त कमी झालंय व्हय?”

बरणीला ऊब हवी म्हणून मी आईचा जुना स्वेटर गुंडाळला आणि ती गॅसमागच्या कोपऱ्यात ठेवली. रोज उठून बघायचो. पाचव्या दिवशी पहाटे तळातून एक बुडबुडा निघाला, सावकाश वर आला आणि फुटला. मी बायकोला उठवलं. “अहो, पाचवीला सटवाई येऊन गेली असंल,” एवढं बोलून तिनं कूस बदलली.

रविवार उजाडला आणि दुसरी अडचण समोर आली. नाताळच्या आदल्या रात्रीचं बार्श्च बिनमटणाचं असतं. कोल्हापुरात रविवारी घरात मटण नाही म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांना कसं सांगू? बाबांनी सकाळी पिशवी घेतली, चप्पल घातली, तेव्हा मी त्यांना दारातच थांबवलं. त्यांनी पिशवीची घडी इतक्या हळू घातली की मला भरून आलं.

कांदा, गाजर, बीट उकळून पाणी गाळलं, त्यात झाकवास ओतला. आता याला उकळी येऊ द्यायची नाही, आली की लाल रंग जाऊन विटकरी होतो. बायको मात्र रश्श्यावर कट आणणारी. तिचा हात सवयीनं दर मिनिटाला गॅस मोठा करायला जायचा आणि मी गोलकीपरसारखा उभा. सोबत ‘उश्का’, म्हणजे छोटे कान. पारीत मश्रूम आणि कांदा भरून पाण्यात उकडायचे. “करंज्या हायेत ह्या,” आई म्हणाली, “तळायच्या राह्यल्यात.”

बाबांनी वाटी हातात घेतली, तिरकी केली, कट शोधला.

“तांबडा म्हणालास न्हवं?”

“हो.”

“मग जाळ कुठाय?” आणि एक घोट घेऊन, “बरं, पांढरा तरी हाय का?”

मला विचाराल तर मला आवडलं. कोकमाच्या सारासारखं आंबट, मागून लसूण, आणि सगळ्याच्या तळाशी पहिल्या पावसाच्या मातीचा वास. हे मी बोलणार तेवढ्यात बेल वाजली.

दारात कागलची आत्ती. एका हातात घुगऱ्यांचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारं पिवळं झबलं. आईनं फोनवर रविवारचा बेत सांगितला होता आणि आत्तीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आमची एकुलती एक मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. आत्तीनं मला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ लेका, झालं गेलं पंचगंगेला मिळालं. लोक काय बी बोलत्यात. बाळ कुठाय?”

मी बरणी दाखवली. स्वेटरात होती.

खुलासा व्हायला अर्धा तास गेला. त्यातली वीस मिनिटं बायको हसत होती. मग आत्ती पाटावर बसली, वाटीत दोन मुठी घुगऱ्या टाकल्या आणि सगळं बार्श्च संपवलं, वर “पोट हलकं वाटतंय” असं प्रमाणपत्रही दिलं. बाबांनी तेवढ्यात डब्यातल्या घुगऱ्या आपल्या ताटात ओढून घेतल्या होत्या.

निघताना आत्तीनं झबलं-टोपडं परत नेलं नाही. दिलेलं माघारी नेऊ नये, म्हणाली. बरणी ओट्यावरच होती, तळाला दोन बोटं लाल पाणी. तिनं टोपडं उचललं, बरणीच्या तोंडावर नीट बसवलं, बंद आवळले आणि वाकून हुंगून बघितलं.

“वैनी,” ती आईला म्हणाली, “आता न्हाई येत वास.”